पहिल्या पानावरचं घर

माझ्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण इंग्रजीतले चार शब्द ते एका बोटाने बिनचूक टाइप करायचे. मालवण, समुद्र, घर, जेवण अशा अर्थाचे ते शब्द मी मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याखाली चिकटवले होते. सकाळी होडी किनाऱ्याला लागली, मासळी गेली, की बाबा पाय धुऊन आत यायचे, खुर्चीत बसायचे आणि चिठ्ठीतलं एकेक अक्षर बघून बटणं शोधायचे. मग पडद्यावर जी यादी यायची तिच्यात ते आमचं घर शोधायचे. सापडलं की त्यावर क्लिक करायचे, आमच्या दोन खोल्यांचे फोटो बघायचे आणि उठून जेवायला जायचे. हे रोज. सणवारही सुटला नाही.

त्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला आईने सुरुवात केली. मालवणला पर्यटक वाढायला लागले होते आणि आईच्या हातचं खाऊन गेलेला माणूस पुढच्या वर्षी आणखी चौघांना घेऊन येत होता. मी सावंतवाडीत एका संगणक क्लासमध्ये शिकवत होते, शनिवारी घरी यायचे. आईने सांगितलं म्हणून मी दोन हजार सहाच्या सुमाराला खोल्यांची एक वेबसाइट करून दिली. वर 'सुस्वागतम्', खाली सात फोटो. आईला ती फार आवडली. ती बघून एकही पाहुणा आला नाही, पण आईला पाहुणे मिळवायला वेबसाइटची गरज नव्हती.

पुढच्या वर्षी आई गेली. मला रडू आलं नाही. लोक येत होते, आत्या चहा करत होती, मी कप विसळत होते. पुढे कितीतरी दिवस मी तशीच होते. क्लासमध्ये शिकवायचे, एसटीत बसायचे, घरी यायचे, आणि कशाचंच काही वाटायचं नाही. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाले होते.

बाबांचं वेगळं होतं. त्यांचं जेवण तुटलं. चार घास खाऊन ताट सरकवायचे. विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहणारी त्यांची बहीण, माझी आत्या, बांगड्याचं तिखलं करून वाट बघायची आणि शेवटी मांजराला घालायची. पाहुणेही थांबले, कारण ते आईसाठी येत होते. एका शनिवारी बाबा मला म्हणाले, "ती तुजी वेबसाइट आसा मां? ती लोकांका दिसाक व्हयी. लोक खोली खंय शोधतत, थंय."

मी कामाला लागले. दुःख विसरायला वगैरे नाही. सांगितलं म्हणून. 'सुस्वागतम्' काढलं, कारण जगात सुस्वागतम् शोधणारा एकही माणूस नसतो. त्या जागी गावाचं नाव आणि राहण्याची सोय हे शब्द घातले. सर्च इंजिनला फोटोतली सुरमई दिसत नाही, ती शब्दांत लिहावी लागते, म्हणून सुरमई, तिसऱ्या, सोलकढी, घावणे सगळं लिहून काढलं. दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपला दुवा, म्हणजे लिंक, असला की सर्च इंजिनच्या लेखी आपलं वजन वाढतं, म्हणून जुन्या पाहुण्यांना पत्रं पाठवली. एकाने त्याच्या प्रवासाच्या पानावर आमचा दुवा दिला. घरी एक जुना संगणक नेऊन ठेवला, टेलिफोनच्या लाइनवर इंटरनेट घेतलं, माझं ईमेल खातं त्यावर कायम उघडं ठेवलं आणि बाबांना ते चार शब्द शिकवले.

सुरुवातीला आमचं घर यादीच्या सातव्या पानावर होतं. बाबा न कंटाळता सात पानं उलटायचे. मग ते चौथ्यावर आलं. मग दुसऱ्यावर. आणि शिमग्याच्या आधी एका शनिवारी मी घरात पाऊल टाकते न टाकते तोच बाबा म्हणाले, "पयल्या पानार इलाव गो."

खरंच आलो होतो. सगळ्यात वर.

याचा त्यांना किती आनंद झाला हे कळायला आमच्या गावची पालखी माहीत असायला हवी. पालखी निघते तेव्हा ती कोणाच्या दारात आधी थांबणार, कोणाच्या नंतर, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. आमचं दार शेवटून दुसरं. तिथे पोचेपर्यंत ढोलवाल्यांचे हात दुखायला लागलेले असतात. बाबांनी आयुष्यभर हा एकच क्रम पाहिला होता आणि तो सगळ्या गावाला सारखाच दिसत होता. "मुंबयकारान बघल्यान तरी आमीच पयले," ते किनाऱ्यावर सांगत सुटले. "पुण्याकारान बघल्यान तरी आमीच." माणसं पडदा बघायला घरी येऊ लागली. बाबा सर्वांसमोर एका बोटाने ते शब्द टाइप करायचे.

त्या दिवशी ते दोनदा भात घेऊन जेवले. आत्या मला मागीलदारी येऊन म्हणाली, "तुया काय केलंस ता बरा केलंस. माणूस जेवूक लागलो."

एप्रिलच्या शेवटी क्लासमध्ये मी मुलींना माहिती कशी शोधायची ते शिकवत होते. उदाहरण म्हणून मी मोठ्या ऐटीत तेच चार शब्द टाकायला लावले. पंधरा संगणकांवर पंधरा याद्या आल्या. एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात तुमचं घर कुठलं?" मी वाकून बघितलं. पहिल्या पानावर नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. मी म्हटलं, नेट हळू चालतंय, पुढचा धडा काढा. सगळ्या गेल्यावर एकटीने पानं उलटली. आमचं घर सहाव्या पानावर होतं.

कारण कळायला फार डोकं लावावं लागलं नाही. खातं उघडं ठेवलेल्या संगणकावर तुम्ही जे पान रोज उघडता, ते सर्च इंजिन लक्षात ठेवतं आणि तुम्हालाच वर काढून दाखवतं. बाबा वर्षभर रोज सकाळी आमचंच घर उघडत होते. म्हणून आमचं घर पहिलं आलं होतं, फक्त आमच्या घरात. ही गोष्ट मी मुलींना शिकवू शकले असते. वहीत उतरवून घ्यायला सांगितली असती.

त्या शनिवारी सांगायचं ठरवून मी घरी गेले. अंगणात दोरी लावून चुन्याने आखणी केलेली होती. बाबा चिऱ्याच्या गाडीची वाट बघत होते. "आणखी दोन खोल्ये," ते म्हणाले. "पयल्या पानार आसाव तर लोक येतले. तेंका ठेवतलंय खंय?" आणि मग सहज म्हणावं तसं, "होडी देवन टाकतंय. कुणकेश्वराचो एकजण बघून गेलो."

ती होडी त्यांच्या हाताखाली तयार झाली होती. तिच्या जिवावर मी शिकले होते. सांगायला तोंड उघडलं तर आतून आत्याने पान वाढलं म्हणून हाक मारली. बाबा जेवायला बसले, आमटी भुरकली, दुसऱ्यांदा भात मागितला. मी मूग गिळून त्यांच्यासमोर बसले. मला वाईट वाटत होतं असंही नाही. मी फक्त बघत होते की माणूस जेवतोय, आणि मी बोलले तर तो जेवायचा थांबेल. त्या पुढच्या आठवड्यात होडी गेली.

मग मात्र मी झपाटल्यासारखी राबले. बाबांना जे दिसत होतं ते खरंच खरं करून दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. क्लास सुटला की रोज तासभर. कुणकेश्वरच्या यात्रेवर एक पान लिहिलं, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर एक, कुठली एसटी कुठे बदलायची त्यावर एक. जिथे नोंद करता येईल तिथे केली. दर सोमवारी क्लासच्या संगणकावर बघायचे. सहावं पान. सहावं. गणपतीत पाचवं. दिवाळीपर्यंत नव्या खोल्यांना रंग लागला, तेव्हा आम्ही चौथ्या पानावर होतो, आणि चौथं पान कोण बघतो? दिवाळीत कोणी आलं नाही. बाबा म्हणाले, लोक आपापल्या घरी असतात. नाताळात आईच्या वेळचं एक कुटुंब आलं, तीन दिवस राहिलं. बाबा म्हणाले, लोक गोव्याला जातात. नव्या खोल्यांतल्या गाद्यांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. सकाळी समुद्रावर जायचं नसल्यामुळे ते आता लवकरच संगणकासमोर बसायचे.

फेब्रुवारीत डोळे तपासायला ते सावंतवाडीला आले. डॉक्टरकडची वेळ दुपारची होती, म्हणून मी त्यांना क्लासमध्ये बसवून घेतलं. मी दुसऱ्या टोकाला एका मुलीची चूक शोधत होते. मान वर केली तर बाबा एका रिकाम्या संगणकासमोर बसलेले. शर्टाच्या खिशातून त्यांनी चिठ्ठी काढली. घरच्या चिठ्ठीची अक्षरं पुसट झाली होती, म्हणून त्यांनीच ती दुसऱ्या कागदावर गिरवून घेतली असणार. एका बोटाने चार शब्द.

मी तिकडे जाऊ शकले असते. गेले नाही. ते यादी बघत राहिले. खाली गेले, पुन्हा वर आले. मग दुसरं पान उघडलं. तिसरं. एकेका ओळीवर बोट ठेवून ते आमच्या वेबसाइटच्या नावाची अक्षरं शोधत होते. चौथ्या पानावर बोट थांबलं. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, "हय आसा. लांब आसा, पण आसा."

डोळे तपासून झाले. चष्म्याचा नंबर बदलला होता. मी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर एसटीत बसले. कुडाळपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुका कधीपासून ठावक होता?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "होडी देवच्या आदी."

ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. कंडक्टर येऊन गेला, माणसं चढली, उतरली. मग ते म्हणाले, "तुजे आवशीन तेवाच सांगल्यान असता."

रागाने म्हणाले नाहीत. नुसतं आईला आठवून म्हणाले. आणि तेवढ्याने माझं काय झालं कोण जाणे. आई जाऊन अडीच वर्षं झाली होती, आणि मी भर एसटीत, दोन टोपल्यांच्या मध्ये बसून, हुंदके देऊन रडायला लागले. शेजारच्या मासेवालीने बाबांना विचारलं, "काय झाला हो तेका?" बाबा म्हणाले, "आवस गेली तेची." तिने कधी म्हणून विचारलं नाही. मला सरकून जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठले तेव्हा बाबा घरात नव्हते. आत्या म्हणाली, पहाटेच कुणकेश्वरला गेला, होडीवर माणूस पाहिजे का विचारायला. आपल्याच होडीवर, दुसऱ्याचा खलाशी म्हणून. पडद्याखालची चिठ्ठी जागेवरच होती. मी तिच्यावरचे चार शब्द टाकून बघितले. आम्ही पहिले होतो.