हात पुढे करा, काकू

“हात पुढे करा, काकू.”

गाडीचं काम संपलं की तो एवढंच म्हणायचा. मी हात पुढे करायचे आणि तो माझ्या तळहातावर बिघडलेली वस्तू ठेवायचा. जळका प्लग, झिजलेलं बेअरिंग, एकदा उंदराने कुरतडलेली वायर. “पाह्यलं? आता बोला.” त्यानंतरच तो कामाबद्दल तोंड उघडायचा. गिऱ्हाईक कोणीही असो, जुनी वस्तू त्याच्या हातात दिल्याशिवाय हा गाडी सोडत नसे. एका डॉक्टरांनी हात काळे होतील म्हणून नको म्हटलं, तर याने ती वस्तू त्यांच्या शेजारच्या सीटवर ठेवली आणि म्हणाला, “तुमी नाही का पेशंटले एक्स-रे दाखवत?”

मी त्या वस्तू रॉकेलने पुसून बिस्किटांच्या डब्यात ठेवत असे. तुम्ही लहान असताना त्यांच्याशी खेळला आहात.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, “आजी, तू गाडी का विकलीस?” तुमचे बाबा मध्येच म्हणाले, “जुनी झाली होती रे.” खरं उत्तर लांब आहे आणि ते या माणसावरून जातं, म्हणून लिहून पाठवते आहे.

त्याचं नाव सांगत नाही. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणते. भंडाऱ्यात आपल्या घराकडून हायवेला लागताना उजव्या हाताला त्याची पत्र्याची शेड होती, समोर कडुनिंब. उंच माणूस, बॉनेटखाली वाकून वाकून खांदे पुढे आलेले. बोलताना तो माणसाकडे कमी आणि गाडीकडे जास्त पाहायचा. त्यामुळे त्याच्याशी खोटं बोलणं अवघड होतं आणि तो खोटं बोलतोय का हे कळणंही अवघड होतं. पण हे दुसरं मला फार उशिरा सुचलं.

तुमचे आजोबा गेल्यावर आपली छोटी पांढरी गाडी मी चालवू लागले. दर शनिवारी एकोडीला जायचे. तिथे माझी मोठी बहीण राहायची, तुमची माई. तिची नजर गेली होती. माझा हॉर्न ऐकला की ती ओसरीवरून आत ओरडायची, “चहा ठेवा, भंडारा आला.” मग दुपारभर आम्ही बोलायचो, भांडायचो, मी तिला पेपर वाचून दाखवायचे. गाडी म्हणजे माझ्यासाठी तो शनिवार होता, दुसरं काही नाही.

अशाच एका शनिवारी पूल ओलांडून कारध्याच्या पुढे आले आणि गाडी चालता चालता बंद पडली. आवाज नाही, धूर नाही. पुन्हा सेल्फ मारला तर इंजिन भलतंच हलकं फिरलं. एरवी ते दम घेत घेत फिरतं, त्या दिवशी कापड न लावलेल्या शिलाई मशीनसारखं फुकटच फिरलं. मी मिस्त्रीला फोन केला.

“फोन बॉनेटपाशी धरा अन् एकदाच सेल्फ मारा,” तो म्हणाला.

मी मारला.

“बस. आता चाबीले हात नका लावू. टायमिंगचा पट्टा गेला.”

“न पाहता कसं सांगतोस?”

“येऊन पाह्यतो ना. तुमी सावलीत बसा.”

तो मोटरसायकलवर आला. इंजिनच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढलं, दोन बोटं आत घातली आणि दातेरी रबरी पट्ट्याचं तुटकं टोक बाहेर ओढलं. “हात पुढे करा, काकू.” मग रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून त्याने मला समजावलं. “खाली पिस्टन, वर वॉल्व. दोघांचं येणंजाणं या पट्ट्यानं बांधून आहे. एक आला की दुसऱ्यानं सरकायचं. पट्टा तुटला की दोघं एकाच दारात येतात अन् आदळतात.”

“असा अचानक तुटला?”

“रबर अचानक नाही तुटत. पहिले भेगा पडतात, मंग दात झिजतात. ते सांगते. हा तर सांगून सांगून थकला असंल, कोणी झाकणच नाही उघडलं.”

धान पोचवून परत जाणाऱ्या एका ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही गाडी आणली. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि हा मोटरसायकलवर शेजारून ओरडत होता, “ब्रेक, काकू, ब्रेक. ट्रॅक्टरले चुम्मा नका देऊ.” पुलावरची माणसं थांबून पाहत होती.

काम चालू होतं तेव्हा मी रोज त्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचे. त्याच्याकडे गाडीचं एक कळकट इंग्रजी पुस्तक होतं. मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली, पण त्या पुस्तकातलं वाक्य वाचून मी मराठीत सांगायचे तेव्हा ते मला कळलेलं नसायचं आणि त्याला कळलेलं असायचं. “तुमी वाचत राहा,” तो म्हणायचा, “आपल्या दोघांत मिळून एक शिकलेला माणूस होते.”

त्याने इंजिनचं वरचं डोकं उघडलं. वॉल्व काढून एकेक काचेवर लोळवला. सरळ वॉल्व गुपचूप लोळत गेले, वाकलेले लंगडत गेले. लंगडणारे बाजूला काढून माझ्या हातात दिले. नवे बसवले, घासले, वरच्या चक्रीची आणि खालच्या चक्रीची खूण आपापल्या जागी आणून नवा पट्टा चढवला. मला वाटलं, झालं. मी चाबी शोधू लागले.

“थांबा. पहिले हातानं.”

त्याने खालच्या नटला पाना लावला आणि सगळं इंजिन हाताने, हळूहळू, पूर्ण दोन वेळा फिरवलं. कुठे अडलं नाही. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. “कुठं आदळत असंल तर हाताले पहिले कळते. चाबीले कळत नाही.” मग त्याने चाबी माझ्यापुढे धरली. पहिला सेल्फ मालकाने मारायचा, हा त्याचा नियम. मी मारला. इंजिन दम घेत घेत फिरलं आणि सुरू झालं. त्याने मान वाकडी करून मला विचारलं, “ऐकू आलं?” मला ऐकू आलं होतं.

त्यानंतर दर सर्व्हिसिंगला तो झाकण उघडायचा आणि मी पट्ट्याच्या दातांवरून बोट फिरवायचे. “काय म्हणते?” “ठीक म्हणते.” हे आमचं ठरलेलं बोलणं होतं. पुढची काही वर्षं अशीच गेली.

मग एकदा गेटमधून वळताना गाडीच्या मागच्या दाराला पोचा आला. नंतर एका सायकलवाल्याला चुकवताना चाक नालीत गेलं. तुमचे बाबा सुट्टीवर आले होते. त्यांनी पोचा पाहिला आणि म्हणाले, “आई, आता गाडी बंद कर.” मी म्हटलं, नाही. ते दोन-तीनदा म्हणाले, मीही दोन-तीनदा नाही म्हटलं. ते परत गेले आणि विषय संपला असं मी समजले.

धानाची कापणी सुरू झाली होती. मी गाडी तेल बदलायला दिली. दुसऱ्या दिवशी आणायला गेले तर बॉनेट बंद होतं आणि मिस्त्री कडुनिंबाखाली हात मागे बांधून उभा होता.

“वाईट झालं, काकू. बाजूला घ्यायले सेल्फ मारला अन् पट्टा तुटला. वॉल्व सारे गेले. पिस्टनलेही मार लागला.”

“पट्टा तर मागच्या खेपेला ठीक होता. आपण पाहिला होता.”

“रबर आहे, काकू. सांगून थोडीच तुटते.”

“मग डोकं उघड. पाहू.”

“कायले उघडता? त्यात आता राम नाही राहिला. एक जण पार्टसाठी घेऊन जाते म्हणते. सोडा आता. तुमी बसनं आरामात जात जा.”

चाबी त्याच्या खिशात होती. हात पुढे करा, असं तो म्हणाला नाही. तो गाडीकडेही पाहत नव्हता, झाडाकडे पाहत होता, आणि त्याचे डोळे ओले होते. मला वाटलं, याला माझ्यासाठी वाईट वाटतंय. म्हणून मीच त्याला म्हटलं, “तुझा काय दोष त्यात. देऊन टाक गाडी.” आणि चालत घरी आले.

एकोडीला जायचं म्हणजे साकोलीपर्यंत बस, पुढे ऑटो. बसची पायरी माझ्या गुडघ्यांना उंच पडते. सुरुवातीला गेले, मग कोणी सोबत असलं तरच गेले, मग फोनवर आले. माई फोनवर म्हणायची, “आज शनिवार ना? मी हॉर्नची वाट पाहून राहिली होती. विसरलीच.” त्याच थंडीत ती गेली. मी पोचले तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं, तोंड रस्त्याकडे.

उन्हाळ्यात आंधळगावला एका लग्नाला गेले. मांडवामागे गाड्या उभ्या होत्या. त्यात एक पांढरी होती, मागच्या दाराला पोचा असलेली. आपल्या गेटच्या कडीची खूणसुद्धा होती त्यावर. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने मालक आला. कोसा रेशमाच्या साड्यांचा व्यापारी, साधा माणूस.

मी विचारलं, “इंजिनचं काम मोठं निघालं असेल ना?”

“कायचं काम जी? भंडाऱ्याच्या मिस्त्रीनं देली, तशीच चालवत आणली. मस्त आहे.”

माझा विश्वास बसेना असं पाहून त्याने सेल्फ मारून दाखवला. इंजिन दम घेत घेत फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. मिस्त्री एका जीपखाली होता. माझ्या चपला पाहून बाहेर आला. मी फक्त हात पुढे केला.

तो त्या हाताकडे पाहत राहिला. फडक्याने आपले हात पुसू लागला, पुसतच राहिला. ठेवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

“कोणी सांगितलं?”

“गाडीनेच.”

“दादाचा फोन आला होता, काकू. एकदा नाही, रोजच. म्हणे, आई माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. हायवेवर काही झालं तर मी इतक्या दुरून कधी पोचू.” त्याने फडकं खांद्यावर टाकलं. “मलेही भेव वाटत होतं. तुमी नालीत घातली तेव्हापासून.”

“मग मला सांगायचं होतंस.”

“तुमी ऐकलं असतं?”

“नसतं ऐकलं. पण ते मी ठरवलं असतं.”

त्याने फडकं पुन्हा हातात घेतलं.

“माई गेली,” मी म्हटलं.

“माहीत आहे मले.” आणि तो होता तिथे खाली बसला.

मी परत त्या शेडमध्ये गेले नाही. तुमच्या बाबांना भीती वाटली, ती मी समजू शकते. पण त्यांना माहीत होतं की मी या एका माणसाचं ऐकते, आणि त्यांनी नेमकं तेच वापरलं. त्याने ते वापरू दिलं. ज्याने मला इंजिन ऐकायला शिकवलं, त्याने त्या दिवशी चाबी खिशात घातली, कारण मी सेल्फ मारला असता तर मला ऐकू आलं असतं. रागापेक्षा हेच मला जास्त लागलं. लागलेलं अजून आहे.

नवा बायपास झाल्यावर आपल्या रस्त्यावरची वर्दळ ओसरली. मिस्त्रीने गॅरेज बंद केलं आणि मुलीकडे बालाघाटला गेला. जाताना भेटायला आला नाही. शेडमध्ये आता सिमेंटची पोती असतात. कडुनिंब आहे.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी गेटवर हॉर्न वाजला. तो हॉर्न मी कुठेही ओळखला असता. आंधळगावचा व्यापारी होता. त्याच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली पुडी होती.

“मिस्त्रीनं जायच्या पहिले माझ्या गाडीचा पट्टा बदलला. शेवटचं काम म्हणे. हे तुमच्याच हातात द्यायले सांगितलं.”

“आणखी काय म्हणाला?”

“काही नाही जी. ‘त्यायले हात पुढे करायले सांगजा’, बस एवढंच.”

मी हात पुढे केला. पुडीत आपल्या गाडीचा पट्टा होता, अखंड, पुसून स्वच्छ केलेला. मी दातांवरून बोट फिरवलं. वयाप्रमाणे थोडा गुळगुळीत झाला होता, पण भेग एकही नव्हती. त्या दिवशी जी वस्तू त्याने माझ्या हातात द्यायला हवी होती, ती आत्ता दिली. याला कोणी माफी म्हणेल. मला ती तशी वाटली नाही. पट्टा तुटला नव्हता हे मला आंधळगावलाच कळलं होतं.

“पट्टा चढवल्यावर इंजिन हाताने फिरवलं का त्याने?” मी विचारलं.

“हो जी, दोन वेळा. मंग मलेच चाबी देली.” व्यापाऱ्याने दार उघडून धरलं. “चालवून पाह्यता का, बाई?”

“आता कुठे जाऊ?” मी म्हटलं. त्याला वाटलं मी गंमत केली. तो हसला आणि गाडी घेऊन गेला.

तो पट्टा मी बिस्किटांच्या डब्यात टाकलेला नाही. जेवणाच्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. तुमच्या बाबांशी मी याबद्दल आजवर एक शब्द बोललेले नाही. तुम्हीही हे वाचून त्यांना काही बोलू नका. दिवाळीला ते येणार आहेत. मी रागावणार नाही, काही विचारणारही नाही. त्यांचा चहा होऊ देईन, आणि मग म्हणेन, हात पुढे कर.