बाहेरची कडी

रविवारी चर्चमधल्या उपासनेहून परतले, तेव्हा आई खिडकीचे गज धरून रस्त्याकडे बघत उभी होती. मागे एकदा ती बाजारात वाट चुकली, तेव्हापासून घराबाहेर पडताना मी दाराला बाहेरून कडी लावते.

आज उपदेशात पाळकसाहेब आदाम-हव्वेच्या एदेन बागेविषयी बोलले. माणूस चुकेल हे ठाऊक असूनही देवानं मना केलेल्या फळाच्या झाडाभोवती कुंपण घातलं नाही; निवड माणसावर सोपवली, कारण बळजबरीचं प्रेम त्याला नको होतं. मी मान डोलावत ऐकलं होतं. आता गजांवरची आईची बोटं पाहिली. देवानं तिला दिलेलं निवडीचं ते दान मी काळजीच्या नावाखाली काढून घेतलं होतं. खरं तर काळजीपेक्षा माझी सोयच त्यात जास्त होती.

मी कडी काढून दार सताड उघडलं. "आई, कुठं जायचंय का तुला? मी येते बरोबर."

ती उंबऱ्यापर्यंत आली, बाहेर डोकावली आणि तिथंच टेकली.

"कुठं नाही गं," ती म्हणाली. "दार उघडं असलं की घरात बसवतं."

मी तिच्या शेजारी बसले खरी, पण तिच्याकडे बघायचा धीर मला झाला नाही.