पियानोची धून, शाळेचा ढोल

मोनाली साळवे हर्सूलच्या एका खासगी शाळेत कंत्राटावर संगीत शिकवायची. शाळेत पियानो नव्हता. एक मोठा ढोल, चार साइड ड्रम, झांजा, ट्रँगल आणि काठीनं वाजवायच्या पट्ट्यांचा एक झायलोफोन, एवढंच सामान. सहावीच्या नऊ मुलींना त्यावर पंधरा ऑगस्टच्या संचलनाचा ठेका तेवढा यायचा.

लहानपणी लष्करी छावणीतल्या एका बाईंकडं मोनाली पियानो शिकली होती. त्यांनी शिकवलेली एक संथ युरोपीय धून मुलींकडून स्नेहसंमेलनात वाजवून घ्यायची, असं तिनं ठरवलं. डाव्या हाताचं ढोल-ड्रमला दिलं, उजव्या हाताचं झायलोफोनला. पण पियानोचा सूर रेंगाळतो. ढोलाचा टोला दणकन पडतो आणि संपतो. तिचे वडील कडुबा तीस वर्षं लग्नाच्या बँडात ढोल वाजवायचे. तिनं त्यांना विचारलं.

"आबा, ढोल दबका कसा वाजवायचा?"

"कापड बांध त्याच्यावर. मयतीला आम्ही तसंच वाजवायचो." मग थांबून म्हणाले, "पर मोना, ह्ये इथं ऐकणार कोण?"

"मुली तर ऐकतील."

दुसरी अडचण त्याहून मोठी. पियानोच्या काळ्या पट्ट्यांचे सूर शाळेच्या झायलोफोनवर नव्हतेच, आणि धुनेतलं सगळं दुःख नेमकं तशा एका सुरात होतं. चार वेळा कागद फाडून शेवटी त्या जागी तिनं ट्रँगलचा एक टिणकारा ठेवला. तो दुःखासारखा वाजत नव्हता, हे तिला कळत होतं.

दोन महिने तालीम चालली. एक मुलगी घाई करायची, की सगळ्याच धावायच्या. जानेवारीतल्या एका शनिवारी मात्र त्या न अडखळता शेवटापर्यंत पोचल्या. झायलोफोन वाजवणारी संस्कृती नावाची मुलगी काठी वर धरून तशीच उभी राहिली.

"संपलं, मॅडम?"

"हो गं."

वर्गात दुसरं कुणीच नव्हतं.

स्नेहसंमेलनाला पाहुणे दोन तास उशिरा आले. मुख्याध्यापक धावत आले. "मॅडम, ते स्लो राहू द्या आता. पाहुण्यांना आत आणताना संचलनाचं वाजवा. जोरात!"

मोनालीनं ढोलावरचं कापड स्वतःच सोडलं. मुलींनी दणकून वाजवलं, पालकांनी मोबाइलवर शूटिंग केलं. त्या ठेक्यात झायलोफोनला काम नव्हतं. संस्कृती कडेला नुसतीच उभी राहिली.

एप्रिलात संगीताचा तास काढून संगणकाला दिला गेला. मोनालीचं कंत्राट संपलं. आता ती वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगला जाते.

जूनमध्ये बाजारात संस्कृती भेटली. "मॅडम, मला अजून येतं ते," म्हणत तिनं गुणगुणून दाखवलं. दुसऱ्याच ओळीत ते नकळत कुठल्यातरी जाहिरातीच्या चालीत शिरलं.

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मोनाली म्हणाली. कंपनीची बस आली होती.