छातीवरचा सेट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं पोस्टिंग स्कॉटलंडमध्ये होतं. कॉव्हेंट्रीतल्या डॉक्टर आईबाबांचा मुलगा आर्मीत सार्जंट झाला, हे घरी अजून पचलं नव्हतं. त्यात मी स्की शिकवतो म्हटल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे सरकारी खर्चाने घसरायला गेलास."

तुम्ही वीकएंडला डोंगरात स्की करणारी मंडळी, म्हणून आधी बर्फाचं सांगतो. तीन दिवस नैऋत्येचा वारा होता. असा वारा बर्फ उचलतो आणि पलीकडच्या उतारावर दाबून बसवतो. वर कडक लादी, खाली साखरेसारखे सुटे कण. दिसायला झकास, पण वजन पडलं की अख्खी लादी निसटते. आम्ही खड्डा खणून पाहिलं, वरचा थर सहज सरकला. तो उतार सोडून कडेकडेने, अंतर ठेवून निघालो. माझ्या मागे कॉर्पोरल डेव्ह. ब्रिस्टलचा, बडबड्या, माझ्या आईने पाठवलेले बेसनाचे लाडू माझ्याआधी फस्त करणारा.

तरी वरून लादी सुटलीच. आम्ही दोघं गाडले गेलो.

प्रत्येकाच्या छातीवर, जॅकेटखाली, एक छोटा सेट असायचा. चालताना तो सेंडवर असतो, सिग्नल सोडत राहतो. कुणी गाडला गेला की बाकीचे आपले सेट रिसीव्हवर करून त्याला शोधतात. मी लवकर सापडलो. मला स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून बाजूला ठेवलं आणि सगळे डेव्हकडे वळले.

सिग्नल मिळाला म्हणून ते धावले, थबकले, परत फिरले. सारखे माझ्याच दिशेला येत होते. मला वाटलं, माझी काळजी वाटतेय त्यांना.

"कोण सेंडवर आहे? चेक युअर सेट्स!" कॅप्टन ओरडले.

डेव्ह तिकडे गुदमरतोय आणि हा कोण गाढव, म्हणून मी मनात कचकचीत शिवी हासडली. तेवढ्यात मेडिकने वाकून माझ्या जॅकेटची चेन उघडली. आत छोटा लाल दिवा लुकलुकत होता.

त्याने सेट बंद केला. डेव्हचा सिग्नल लगेच लागला. फार खोल नव्हता तो. पण उशीर झाला होता.

सगळे म्हणाले, तू धड शुद्धीवर नव्हतास, काढणाऱ्याने बंद करायला हवा होता. पण काढणाऱ्यांना ड्रिल मीच शिकवलं होतं. सरावाला मी एकच रकसॅक पुरायचो, आत सेट ठेवून. ती सापडली की ड्रिल संपलं, चहा. पुढे दुसरा माणूस शोधायचा असेल, हे कधी मनातच आलं नाही. लाज वाटते, अजून वाटते.

ब्रिस्टलला फ्युनरलनंतर डेव्हच्या आईने मला जवळ घेतलं. ठेंगणी बाई, तिचं डोकं बरोबर माझ्या छातीवर टेकलं, जिथे सेट होता तिथे.

"निदान तू तरी सापडलास," ती म्हणाली.