कागद थंडे करायचे आहेत

गेल्या गुरुवारी संध्याकाळी बीडला घरी चहा घेत होतो, तेव्हा आष्टी तालुक्यातल्या कडा गावाजवळच्या एका खेड्यातून युनूसभाईंचा फोन आला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. माझा नंबर त्यांना कुणीतरी दिला होता.

मी राजघराण्यातल्या लोकांची पत्रं जमवतो. मुन्शीनं लिहून वर शिक्का मारलेली नव्हे, स्वतःच्या हातानं लिहिलेली... खाडाखोड असलेली, शाईचे डाग पडलेली. इतक्या वर्षांत जेमतेम सात मिळाली.

युनूसभाई म्हणाले, "अम्मीच्या नानीनं हैदराबादच्या राजघरातली पोरगी दूध पाजून वाढवलती. निजामाच्या काळात. त्या पोरीनं तिला लिहिलेलं पत्र हाय घरात. बघायचं असंल तर लवकर या. उद्या जुमा, नमाज झाली की सगळे कागद थंडे करणार हावोत."

मला आनंद झाला. म्हटलं, "फार चांगलं. थंड जागीच ठेवा, ऊन लागू देऊ नका."

"तिथं कुठलं ऊन सायेब," असं म्हणून ते हसले. मीही हसलो. रविवारी येतो म्हणालो, पण तोवर फोन कट झाला होता...

शुक्रवारी सकाळी शेजारच्या निवृत्त उर्दू मास्तरांना कौतुकानं हे सांगितलं. त्यांनी कपाळालाच हात लावला. "अहो, थंडे करणं म्हणजे विहिरीत सोडणं! ज्या कागदावर अल्लाहचं नाव आहे तो पायदळी येऊ नये म्हणून. तुम्ही देवाचे जुने फोटो पाण्यात सोडता ना, तसंच."

उर्दू लिपी मी क्लास लावून शिकलो. घरातली उर्दू शिकायची राहून गेली होती.

फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मिळाली ती एसटी पकडली, तर आष्टीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं गाडी अडकली. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. शेवटी शेजारची बाई म्हणाली, "दादा, कुणी सिरियस हाय का?" काय सांगणार... एक कागद सिरियस आहे म्हणून?

कड्याहून रिक्षा करून पोचलो तेव्हा नमाज होऊन गेली होती. विहिरीच्या काठावर पाच-सात माणसं, मध्ये पांढऱ्या कापडाचं गाठोडं आणि त्याला बांधलेला दगड. बाजूला खुर्चीवर एक म्हातारी. युनूसभाईंची आई, सगळ्यांची चाची.

मी धापा टाकत "थांबा!" म्हणालो. चाचीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कावून पळत आलास रे बाबा? तुझा बी एखादा कागद टाकायचाय का?"

सगळे हसले. युनूसभाईंनी माझी ओळख करून दिली आणि गाठोडं सोडलं. जीर्ण पोथ्या, लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं... आणि एका बटव्यात चौघडी केलेला कागद.

अक्षर कोवळं होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं असावं. वर लिहिलं होतं, 'प्यारी अन्ना'. दूध पाजणारीला तिथं अन्ना म्हणत.

"नानीला वाचता येत नव्हतं," चाची म्हणाली. "राजाघरचा कागद गावातल्या मुन्शीला कसा दाखवावा, म्हणून तिनं बटव्यातच ठेवला. आमच्यात बी कुणाला असलं बारीक लिहिलेलं लागत न्हाई. तू वाच."

मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. मुलीनं लिहिलं होतं... 'तुझ्या लेकीच्या वाट्याचं दूध मी प्यायले, हे मला आता कळलं. तिला माझा सलाम सांग. मला माफ कर म्हणावं.'

चाची पदर सारखा करत म्हणाली, "ती लेक म्हणजे माझी अम्मी. जन्मभर कुरकुरायची, माझं दूध हैदराबादला गेलं म्हणून. तिला कुणी सांगितलंच न्हाई, की तिकडं आठवण हाय."

शेवटची ओळ डोळ्यांसमोर होती. मी थांबलो.

"थांबलास कावून? संपलं?"

संपलं, म्हणता आलं असतं. तिथं दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नव्हतं. पत्र मागितलं असतं तर कदाचित मिळालंही असतं... मी घसा खाकरला आणि वाचलं. 'कुणाकडून तरी वाचून घे, आणि वाचून झालं की हे थंडं कर.'

चाची हिशोब लागल्यासारखी मान हलवत म्हणाली, "म्हंजे आजवर वाचलं नव्हतं, म्हणून राहिलं. आता झालं वाचून."

"एक फोटो घेऊ का?" मी मोबाइल काढला.

"तिनं फोटो काढ म्हणून लिहिलंय का?"

मोबाइल खिशात गेला. गाठोडं पुन्हा बांधलं गेलं. पाण्याचा आवाज आला आणि मी उगाच विहिरीत वाकून बघत राहिलो.

निघताना चाची म्हणाली, "अम्मी वाटेवरच्या कबरस्तानात हाय, लिंबाखाली. माझ्यानं चालवत न्हाई. सलाम तू वाचलास, तूच पोचता कर."

युनूसभाईंनी कबर दाखवली आणि ते जरा लांब जाऊन उभे राहिले. मी चप्पल काढली, आणि जसं पत्रात होतं तसं, शब्दाला शब्द, सांगितलं.

अल्बममध्ये आठव्या पत्रासाठी केलेला कप्पा रिकामाच आहे. पण सकाळपासूनची माझी धडपड, ती कशासाठी होती, ते त्या लिंबाखाली कळलं... पत्र मला मिळवायचं नव्हतं, पोचवायचं होतं. चाची, तुमचे आभार.