भाकरीवरचे पाढे

थोरलीला बालवाडीत छडी बसली, त्या दिवशी मी दोन्ही पोरींना घरी आणलं आणि स्वतःच शिकवायचं ठरवलं. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात असलं कुणी करत नव्हतं. सासूबाई भडकल्या. "तू काय मास्तरीण हाईस व्हय? भाकरी कोण करणार?"

मीही तापट. म्हटलं, दोन्ही मीच करणार.

सकाळी मी परातीत भाकरी थापायची आणि पोरी त्या तालावर पाढे म्हणायच्या. एखादी अडखळली की मी हात थांबवून समजावत बसायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. चार दिवस सासूबाईंनी करपलेलं खाल्लं. मग बडबडतच येऊन तव्यापुढं बसल्या. भाकरी उलटायची, फुगली की उतरायची, हे काम त्यांनी घेतलं ते कायमचंच. बडबड मात्र सोडली नाही. त्या बसल्या नसत्या तर माझी शाळा आठवड्यात बंद पडली असती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं.

तीन वर्षांनी पोरी शाळेत जायला लागल्या. पहिल्याच दिवशी मी कपडे वाळत घालून आत आले, तर सासूबाई एकट्याच भाकरी थापत होत्या. शाळेची पायरी कधी न चढलेली ती बाई थापेबरोबर पुटपुटत होती, "सात सक बेचाळीस, साती साती एकोणपन्नास."

मला बघून त्या थांबल्या.

"बघतीस काय? बस तव्यापुढं. आठाचा अजून येत न्हाय मला."