कुलूप तर कुलूप

“कुलूप तर कुलूप,” असं म्हणून ते उजव्या हाताचा अंगठा सदऱ्याला पुसायचे. अंगठ्याला शाई लागलेली नसायची. नोकरी सुटून पाच वर्षं झाली होती, पेन खिशात नव्हतं, तरी अंगठा पुसला जायचा.

तुमच्याही इमारतीत असा माणूस येऊन गेला असेल. महिन्यातून एकदा, खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, जिन्याखाली वाकून मीटरचे आकडे टिपणारा. आपण त्याचा चेहरा पाहत नाही, पाठ पाहतो. दिंडोशीला आमच्या शेजारच्या इमारतीत ते राहत होते आणि मी त्यांना ओळखत नव्हतो, याचं कारण एवढंच असावं. ते समोरून आले असते तरी मी ओळखलं नसतं.

ओळख झाली ती मुलुंडच्या एका बागेत, आणि त्या वेळी पाठ माझी दिसत होती. मी एका बाकाखाली कंबरेपर्यंत शिरलो होतो.

हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. कॉलनीत चालायला लागलं की प्रत्येक जण साखर किती म्हणून विचारतो, म्हणून मी सायकल घेतली. एकवीस गिअरची. त्यातले दोन मी वापरतो. सोबत हेल्मेट आणि घट्ट चड्डी आली. ती चड्डी पाहून बायकोने मागच्या जिन्याने जात जा, एवढीच विनंती केली. मग ऑफिसातल्या एकाने जिओकॅशिंगचा नाद लावला. म्हणजे असं, की कोणीतरी कुठंतरी एक छोटी पेटी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनवरच्या ॲपमध्ये टाकतो. आपण सायकल मारत तिथं जायचं, पेटी शोधायची, आतल्या चिटुकल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि पेटी होती तशी ठेवून यायचं. ॲपवरही लिहायचं, सापडली किंवा सापडली नाही. बस. मिळत काही नाही. फोन तुम्हाला दहा-पंधरा फुटांपर्यंत नेतो. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

तर मी बाकाखाली होतो आणि वॉचमनने विचारलं, “क्या ढूंढ रहे हो?” मी म्हणालो, डब्बा. सार्वजनिक बागेत, बाकाखालून, घट्ट चड्डीतल्या माणसाने हा शब्द उच्चारू नये. वॉचमनने शिटी तोंडाला लावली. तेवढ्यात मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, “मीटर देख रहे हैं, भाई.” त्या आवाजात असं काही सरकारी होतं की वॉचमन मान हलवून निघून गेला.

काळी सायकल, गिअर नाही, मागे कॅरिअर, पँटच्या डाव्या पायाला कपड्याचा चिमटा. त्यांनी सायकल स्टँडला लावली, बाकाकडे पाठ करून उभे राहिले, बाटलीतलं पाणी प्यायले. माणसं पुढे गेल्यावर मागच्या मागे हात बाकाखाली घातला आणि काडेपेटीएवढी लोखंडी डबी काढून माझ्यापुढे धरली.

“डोळ्यांनी काय बघतस? हातान बघ,” ते म्हणाले. एरवी ते सगळ्यांसारखं मुंबईचं मराठी बोलत. मनातून काही आलं की मालवणीत उतरत.

पुढची दीड-दोन वर्षं रविवारची सकाळ आमची ठरलेली. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला ‘बाबा’ म्हणायचे, ‘अरे बाबा’तला बाबा. माझ्या एकवीस गिअरच्या आधी त्यांची काळी सायकल पोचायची. एक तर ते वाटेत स्वतःचे फोटो काढत नसत. दुसरं म्हणजे घाटकोपर ते बोरिवली कुठली गल्ली कुठे फुटते हे त्यांना फोनपेक्षा जास्त ठाऊक होतं. या खेळाबद्दल त्यांना भाचीने सांगितलं होतं. परदेशी नोकरीला जाण्याआधी तिने त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं. ऐकून त्यांना आधी हसूच आलं म्हणे. चपलांच्या कपाटामागे, गॅस सिलिंडरच्या आड, देव्हाऱ्याच्या खाली, अशी जिंदगीभर मीटरं शोधून काढली, आणि लोक हेच हौसेनं करतात.

वॉचमनशी खोटं बोललात, असं मी एकदा त्यांना चिडवलं. ते म्हणाले, तोंडाचं एवढं मनावर घ्यायचं नसतं. “पण कागदावर चालत नाही रे.”

कागदाचं प्रकरण गंभीर होतं. नोकरीत असताना घराला कुलूप असलं की काही जण अंदाजाने आकडा टाकून मोकळे व्हायचे. हे ‘कुलूप’ असं लिहायचे. साहेब ओरडायचे, तुझ्या कागदावर घरं कमी आणि कुलपंच जास्त. ते म्हणायचे, एकदा आकडा मनाने लिहिला की पुढच्या महिन्याचाही मनानेच लिहावा लागतो. त्यामुळे एखादी पेटी मिळाली नाही आणि मी ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणत फोन खिशात टाकायला लागलो की ते थांबवायचे. आधी लिही म्हणायचे. सापडली नाही. कुलूप तर कुलूप. आणि अंगठा सदऱ्याला.

त्यांची स्वतःची एकच पेटी होती, गोराईला. खाडी ओलांडून गेलं की वाड्यांच्या मधून एक कच्चा रस्ता जातो, त्याच्या कडेला सुटे दगड रचून केलेला बुटका गडगा होता. त्या गडग्यात कुठेतरी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते एकटे फेरीबोटीत सायकल घालून तिकडे जायचे आणि वहीतली नवी नावं वाचून यायचे. सोमवारी मला सांगायचे, दोन आली. किंवा, एकच, पण वसईहून. एकदा म्हणाले, “तीस वर्षं मी लोकांच्या दारात गेलो. मीटरवाला आला म्हणायचे. आता लोक माझ्याकडे येतात.”

त्यात एक घाई होती. काचबिंदूने त्यांची नजर कडांकडून आत विझत चालली होती. डॉक्टरांनी सायकल लवकरच सोडावी लागेल असं सांगितलं होतं. “वहीतली नावं माझी मला वाचता येतात तोपर्यंत जाणार,” ते म्हणाले. “मग बघू.”

मला म्हणाले, माझी पेटी शोधून दाखव. जागा सांगणार नाही.

मी तीन रविवार गेलो. गडग्याचा प्रत्येक दगड डोळ्यांनी पाहिला. हात कुठे घातला नाही, कारण पहिल्याच भोकात मला काहीतरी हललेलं दिसलं होतं. मागाहून विचार करता ते वाळलेलं पान असावं. ऑफिसातल्या त्या मित्राला ती पेटी दहा मिनिटांत मिळाली होती आणि तो हे मला लिफ्टमध्ये सांगत होता, रोज. चौथ्या रविवारी मी घरातली लवंग-वेलचीची स्टीलची डबी धुऊन घेतली, आत एक घडी घातलेला कागद ठेवला, त्यावर पहिलं नाव माझं लिहिलं आणि डबी गडग्यातल्या एका उघड्या फटीत ठेवून दिली. मनाशी म्हटलं, जुनी पेटी पावसात वाहून गेली असणार, मी उलट समाजसेवाच करतोय. फोनवर लिहिलं, सापडली, झकास जागा. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. हाताला आधी काय लागलं? मी म्हणालो, झाकण. ते ‘बरं’ म्हणाले.

माझी लवंगेची डबी जाता-येता दिसेल अशी होती. काकांना कडेचं दिसत नव्हतं, ते थेट आपल्या फटीत हात घालत. पुढे जो आला त्याला तीच मिळाली. पेटी मिळाल्यावर दुसरी पेटी कोण शोधतो? माणसं खुशाल त्या कागदावर सही करून जात राहिली आणि आतल्या खऱ्या वहीत नवं नाव पडेना. हे सगळं मला आता कळतं. तेव्हा मी साखर कमी झाल्याच्या आनंदात होतो.

सहा-सात महिने गेले. सोमवारी काका ‘दोन आली’ म्हणेनासे झाले होते. मी विचारलं नाही. एका रविवारी चहा घेताना त्यांनी आपला फोन माझ्यापुढे केला. गोराईच्या पेटीवर कोणी काय लिहिलंय ते वाच म्हणाले, फोनवरची अक्षरं आता लागत नव्हती. मी वाचलं. सापडली, धन्यवाद. सापडली, छान राइड झाली. माझ्यानंतरचे नऊ जण होते. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते, पण नकाराची.

“वहीत नाही,” ते म्हणाले. “नऊपैकी एकही वहीत नाही. घरी बसून आकडे टाकतायत सगळे.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी जाऊन पेटी काढून आणणार, असं त्यांनी सांगितलं. न येता आलो म्हणणाऱ्यांसाठी कशाला ठेवायची?

मग माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला, की वहीत माझंही नाव नव्हतं. म्हणजे माझ्या झाकणाची भानगड त्यांना पहिल्याच महिन्यात कळली होती. मी तसं विचारलंसुद्धा. ते चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, “तुझं मी समजलो होतो. तुला हरायला जमत नाही. पण हे नऊ लोक? त्यांचं मी काय केलंय?”

माझ्यापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो, हे कबूल करतो. माफी आयती मिळालेली होती. पण ती नऊ माणसं ऊन खात, घाम गाळत, बोटीत सायकल चढवून खरंच गेली होती. मी सगळं सांगितलं. लवंगेची डबी, कागद, समाजसेवा, वाळलेलं पानही.

“डबी खंय ठेवलंस?” त्यांनी विचारलं. आणि लगेच उठले. “चल, दाखव.”

मी पुढे, ते मागे. डाव्या बाजूचं त्यांना आता दिसत नव्हतं, म्हणून मी कॅरिअरला पांढरा टॉवेल बांधला आणि ते त्या टॉवेलवर नजर ठेवून येत राहिले. बोटीत एका बाईने त्यांना जागा दिली. त्यांनी घेतली. आधी कधी घेत नसत.

गडग्यापाशी मी माझी डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपून झाकण उघडलं, वास घेतला, म्हणाले, अजून वेलची येतेय. मग खाली बसले, एका अंधाऱ्या फटीत कोपरापर्यंत हात घातला, डावीकडे वळवला आणि आपली पेटी बाहेर काढली. तिन्ही रविवारी मी जिथे उभा होतो तिथून ती जागा हातभर लांब होती.

“नुसती दिसली असती तर लोक बघून निघून गेले असते,” ते म्हणाले. “हात घालायचा म्हटलं की माणूस जरा थांबतो.”

मी कागदावरची नऊ नावं तारखांसकट वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, परत वाच. मी परत वाचली. या वेळी मध्येच थांबवून त्यांनी एका नावापाशी विचारलं, ही बाई का? बाई होती. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी तो कागद घडी करून आपल्या वहीत घातला.

“माझ्याकडेच निघाले होते सगळे,” ते म्हणाले. “तू मधेच दार उघडून बसलास.”

त्या कागदावर सगळ्यात वर माझं नाव होतं. ते खोडू का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले. खोडाखोड त्यांना चालायची नाही. किती वेळा आला होतास? मी म्हणालो, खरंच शोधायला तीनदा.

“मग वहीत तीन कुलपं लिही.”

मी लिहिली. एकाखाली एक, तीन वेळा, कुलूप. आता जागा बघितलीच आहे तर आजची तारीख घालून सापडली म्हणू का, हेही मी विचारून घेतलं, कारण मी तसाच आहे. ते हसले. दाखवलेली पेटी सापडली म्हणत नाहीत, म्हणाले. त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला, पेटी आत सरकवली आणि रिकामी डबी मला परत दिली. ती बायकोला हवी असेल म्हणाले. खरंच हवी होती. सहा-सात महिने ती शोधत होती.

त्यानंतर ते सायकलवर बसले नाहीत. मी महिन्याला जायचो आणि नावं कागदावर उतरवून आणून त्यांना वाचून दाखवायचो. प्रत्येक वेळी दोनदा. पुढच्या उन्हाळ्यात ते गावी भावाकडे राहायला गेले. काळी सायकल त्यांच्या जिन्याखाली, मीटरच्या फळ्याला टेकून उभी राहिली. मग मी फोनवर नावं वाचायचो, आणि पलीकडून आवाज यायचा, परत वाच.

गणपतीनंतर भावाचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाला.

मी लगेच गेलो नाही. काय सांगायला जाणार होतो? दोन महिन्यांनी एका रविवारी गेलो. बोटीतून उतरलो, कच्च्या रस्त्याने आत शिरलो, फोनने जागा आली म्हणून सांगितलं आणि समोर गडगा नव्हता. सिमेंटची नवी भिंत होती, गिलावा केलेली, करडी, सरळ. सुटे दगड कुठे गेले कुणास ठाऊक. पेटी, वही, ती नऊ नावं, माझी तीन कुलपं, सगळं त्यांच्याबरोबर.

मी सायकल स्टँडला लावली. भिंतीकडे पाठ केली, पाणी प्यायलो. एक टेम्पो गेला, तो जाऊ दिला. मग वळून भिंतीवर हात ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेला. खाली बसून, जिथे ती फट असायची तिथेही. कुठे एवढीशी भेग नव्हती.

माझ्या बॅगेत एक नवी पेटी होती, नवी वही घातलेली. कशी कोण जाणे, घरून निघतानाच मी ती घेतली होती. भिंतीच्या पायथ्याशी थोडं गवत होतं, ठेवता आली असती. ॲपवर जागा तीच दिसत होती. येणाऱ्याला कळलंही नसतं.

पेटी बॅगेत राहू दिली. फोन काढला आणि ॲपवर, त्यांच्या पेटीखाली, चौथं कुलूप लिहिलं.